हिरवे केचप का टिकले नाही?

मागच्या आठवड्यात ओपीडीत एक आई पाच वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मुलाचे वजन कमी, हिमोग्लोबिनही कमी. ‘डॉक्टर, भाजी दिसली की तोंड फिरवतो. सॉस असेल तरच पोळी खातो. मुलांसाठी रंगीत, मजेशीर काहीतरी मिळतं ना बाजारात, ते आणू का?’ मला हिरव्या केचपची गोष्ट आठवली.

२००० साली अमेरिकेत हाइन्झ कंपनीने ‘ईझी स्क्वर्ट’ नावाचे हिरवे केचप खास मुलांसाठी आणले. लहान हातांना दाबता येईल अशी बाटली आणि बारीक धार, म्हणजे मुलांनी ताटात चित्रे काढावीत. २००१ मध्ये ‘श्रेक’ चित्रपटाची जोड मिळाली, जांभळा रंगही आला. सुरुवातीला खप जोरात झाला. पण २००६ मध्ये ते बंद झाले.

असे का होते? नवलाई डोळ्यांना होती; जिभेला मिळाले तेच जुने केचप. नवे काही दिसले की मेंदू तिकडे धावतो, पण तेच रोज दिसू लागले की त्याचा प्रतिसाद मंदावतो. केचपची बाटली तर आठवडेच्या आठवडे पुरते. म्हणजे बाटलीच्या आधी अप्रूप संपते. पहिली बाटली हट्टाने येते, दुसरी मात्र आईवडिलांना पटावी लागते.

शिवाय चव फक्त जिभेवर ठरत नाही. रंग पाहून मेंदू आधीच अंदाज बांधतो. फ्रान्समधील बोर्दो येथे पांढऱ्या वाइनमध्ये बेचव लाल रंग मिसळून ५४ विद्यार्थ्यांना दिली. त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. २००१ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला. लाल केचपची सवय असलेल्या घराला हिरवा रंग गंमत म्हणून चालतो, रोजच्या जेवणात खटकतो.

पुढे कृत्रिम रंगांबद्दलची सावधगिरीही वाढली. २००७ मध्ये ‘लॅन्सेट’मधील ब्रिटिश अभ्यासात काही रंग आणि सोडियम बेंझोएट यांच्या मिश्रणाने काही मुलांची चंचलता वाढल्याचे दिसले. २०१० पासून युरोपीय संघात सहा रंगांसाठी वेष्टनावर इशारा छापावा लागतो.

त्या आईला मी म्हटले, ‘ताई, केचपच्या एका मोठ्या चमच्यात जवळजवळ एक छोटा चमचा साखर असते, वर मीठ. त्याने रक्त वाढत नाही. लोहाचे औषध लिहून देतो, ते नेमाने द्या. आणि भाजी रोज एक घास एवढीच वाढा. जबरदस्ती नको, लालूच नको. तुम्ही त्याच्यासोबत बसून तीच भाजी खा.’

या वयात अनोळखी पदार्थाची भीती स्वाभाविक असते. तोच पदार्थ आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा, समोर आला की अनेक मुले तो स्वीकारतात. आपण बहुधा तिसऱ्या नकारालाच हार मानतो.

कंपनीने नवलाईवर भिस्त ठेवली, ती काही वर्षांत ओसरली. मुलाची आवड मात्र ओळखीतून तयार होते. त्यासाठी जाहिरात लागत नाही. आईवडिलांचा धीर लागतो.