ग्रिलमध्ये गुलबक्षी, बीडमध्ये बहार!

मंडळी, बीडच्या उन्हात खिडकीत फुलं? होय, आणि तीही भरभरून! बार्शी रोडवरचा फ्लॅट असो, नाहीतर अंबाजोगाईत माळवद उतरवून बांधलेलं नवं घर. खिडकीला ग्रिल आहे ना? मग बाग झालीच म्हणून समजा. चला, फटाफट सुरू करू.

माहीत आहे का, खिडकीतली बाग ही फ्लॅटवाल्यांची आयडिया नाहीच मुळी? रोमन लेखक थोरला प्लिनी जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी लिहून गेलाय : पूर्वी रोममधली साधी माणसं खिडक्यांत छोट्या बागा फुलवायची. मग घरफोड्या इतक्या वाढल्या की लोकांनी खिडक्याच बंद करून टाकल्या. बागा गेल्या! आपल्याकडे गोष्ट उलटी घडली. चोराच्या भीतीने ग्रिल आली आणि त्याच ग्रिलवर कुंड्या चढल्या. चोराला आळा, फुलांना मळा!

जागा कमी आहे म्हणता? अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात दिव्याच्या खांबासाठी खणलेला एक खड्डा रिकामाच पडला होता. डिक फॅगन नावाच्या पत्रकाराने त्यात फुलं लावली. तेच ‘मिल एंड्स पार्क’. रुंदी फक्त २ फूट! १९७१ पासून जगातलं सर्वांत छोटं उद्यान म्हणून त्याचं नाव गिनीज बुकात होतं. २०२५ मध्ये जपानमधल्या नागाइझुमी गावाने हा किताब पटकावला. त्यांचं उद्यान ०.२४ चौरस मीटरचं, म्हणजे अडीच चौरस फुटांच्या आसपास. आता तुमच्या खिडकीतली झाडांची पेटी मोजा. ३ फूट लांब, ८ इंच रुंद. झाले २ चौरस फूट. जगज्जेत्या उद्यानापेक्षाही लहान!

पण थांबा, लगेच माती भरू नका. हीच पेटी ८ इंच खोल असेल तर तिच्यात साधारण ३७ लिटर माती मावते. ओल्या मातीचं वजन ५५-६० किलोंवर जातं. म्हणजे सिमेंटचं अख्खं पोतं खिडकीला टांगलं की हो! म्हणून पेटी ग्रिलच्या आत ठेवा, बाहेर लटकवू नका. खाली ट्रे हवाच. आणि ग्रिलचे जॉइंट गंजलेले नाहीत ना, ते वेल्डरकडून एकदा तपासून घ्या. खालून शाळेची पोरं जातात.

माती कोणती? आपली काळी माती कपाशीला सोनं, पण पेटीत ती डोकेदुखी. पाणी मिळालं की फुगते, मुळांना श्वास घेऊ देत नाही. सुकली की आकसते, कडेने भेगा पडतात आणि घातलेलं पाणी त्या भेगांतून थेट ट्रेमध्ये. म्हणून एक वाटा माती, एक वाटा चांगलं कुजलेलं शेणखत, एक वाटा कोकोपीट आणि वर मूठभर निंबोळी पेंड. पेटी हलकी, मुळं खूश!

आता उन्हाचं गणित. माहीत आहे का, १५ मेच्या आसपास बीडमध्ये भरदुपारी सरळ उभ्या काठीची सावलीच पडत नाही? बीड साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्या दिवशी सूर्य थेट डोक्यावर येतो. मग जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत तो चक्क आपल्या उत्तरेकडे असतो! त्यामुळे ‘आमची खिडकी उत्तरेची, ऊनच नाही’ असं म्हणणाऱ्यांकडेही त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येतं. थंडीत मात्र मजा दक्षिणेच्या खिडकीची, दिवसभर कोवळं ऊन. आणि पश्चिमेची खिडकी? एप्रिल-मेमध्ये तिथे हिरवी शेडनेट लावायचीच. नो चर्चा!

आता एन्ट्री आपल्या हीरोची. चिनीगुलाब, अर्थात ऑफिस टाइम! साहेब सकाळी ऊन चढलं की हजर, दुपार उलटली की सुटी. ढगाळ दिवशी सरळ दांडी. मूळ गाव दक्षिण अमेरिका, पण बीडच्या खिडकीत असा रमतो की विचारू नका. जाडसर पानांत पाणी साठवतो, त्यामुळे दोन दिवस विसरलात तरी रुसत नाही. बियाणं आणायलाही जाऊ नका. शेजारणीकडून चार बोटं लांबीची काडी मागा, ओल्या मातीत खोचा, बस्स.

आणि एक जादू करून बघा. फूल पूर्ण उमललेलं असताना मधल्या पिवळ्या पुंकेसरांच्या झुबक्याला उदबत्तीच्या काडीने एका बाजूने अगदी हलकेच शिवा आणि नजर तिथेच ठेवा. पुंकेसर हळूहळू त्या बाजूला झुकतात! मधमाशी आत शिरली की नेमकं हेच होतं आणि तिच्या अंगाला परागकण माखतात. लाजाळूचं कौतुक सगळे करतात. हे फूल रोज खिडकीत बसून हा खेळ करतं आणि कुणी बघत नाही!

याचा सख्खा चुलतभाऊ तुम्ही जेवताही बरं का. घोळाची भाजी! ही सगळी एकाच कुळातली मंडळी. बहुतेक झाडं प्रकाशसंश्लेषणाच्या एकाच पद्धतीवर जगतात. घोळाकडे मात्र दोन आहेत. एक मक्या-उसासारखी, भर उन्हात जोरात वाढायची. दुसरी निवडुंगासारखी, पाण्याच्या टंचाईत तग धरायची. दोन्ही एकाच पानात! दुष्काळी भागासाठी याहून चांगलं डबल इंजिन कोणतं?

सदाफुली घरोघरी आहे, पण तिची फाइल उघडली तर थरारपट निघतो. १९२१ मध्ये टोरांटोत इन्सुलिनवर काम सुरू होणार होतं. संशोधक बँटिंगचा मदतनीस कोण, यासाठी दोन विद्यार्थ्यांनी टॉस केला. चार्ल्स बेस्ट जिंकला, क्लार्क नोबल हरला. तीस वर्षांनी याच नोबलच्या जमैकातल्या एका पेशंटने त्याला सदाफुलीची पानं पाठवली. तिकडे मधुमेहावर या पानांचा चहा पीत. नोबलने ती आपल्या भावाकडे, रॉबर्टकडे सोपवली. साखरेवर फारसा परिणाम दिसला नाही, पण उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी धडाधड घटल्या. मग रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी १९५८ मध्ये त्यातून व्हिन्ब्लास्टिन वेगळं केलं. कॅन्सरवरचं औषध! एक ग्रॅमसाठी सुमारे ५०० किलो वाळलेली पानं लागतात. म्हणून खिडकीतली चार पानं चघळून डॉक्टरकी करू नका, झाड विषारी आहे. फुलं बघा, बारा महिने.

झेंडू तर आपला घरचाच. दसरा त्याच्याशिवाय होईल का? पण पासपोर्ट तपासला तर मेक्सिकोचा! इंग्रजीत याला ‘आफ्रिकन मेरीगोल्ड’ म्हणतात, तेही चूकच. बालाघाटाच्या डोंगरातलं आपलं सीताफळ, ज्याला बीडच्या नावाने २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं, तेही मूळचं अमेरिकेच्याच बाजूचं. माहेर कुठलंही असो, दोघंही इथे अस्सल बीडकर झाले!

झेंडूचं एक फूल म्हणजे एक फूल नाहीच. ती शेकडो छोट्या फुलांची गर्दी आहे. दसऱ्याचं तोरण वाळलं की फेकू नका. एक फूल तळहातावर कुस्करा. काळ्या सुया आणि त्यांच्या टोकाला फिक्या केसांचा झुपका दिसेल. हेच बी. मातीवर भुरभुरा, वर बोटाच्या पेराहून कमी माती. मात्र तोरणातला झेंडू बहुतेक संकरित असतो, त्यामुळे पोरं आईबापांवर जातीलच असं नाही. कुणी बुटकं, कुणी उंच, कुणी पिवळं. सरप्राइज पॅकेज! झेंडूची मुळं मातीतल्या सूत्रकृमींना पळवणारं रसायन सोडतात आणि पाकळ्यांचा अर्क कोंबड्यांच्या खाद्यात गेला की अंड्याचा बलक केशरी होतो.

घड्याळ बंद पडलंय? फुलं आहेत ना! १७५१ मध्ये स्वीडनच्या लिनियसने फुलांच्या उमलण्या-मिटण्यावरून वेळ सांगणारं ‘पुष्पघड्याळ’ सुचवलं. आपल्या खिडकीतही जमतं. सकाळी ऑफिस टाइम, चारच्या पुढे गुलबक्षी, रात्री रातराणी. गुलबक्षीला मात्र स्वतंत्र खोल कुंडी द्या, तिचा कंद चांगलाच पोसतो. विज्ञानातही बाईंचा थाट मोठा. १९०९ मध्ये कार्ल कोरेन्सने तिच्या पांढऱ्या-हिरव्या ठिपकेदार पानांवरून दाखवलं की ही नक्षी फक्त आईकडून येते, बापाचा काही संबंध नाही!

थंडी पडली की पिटुनिया. तिच्या नावावर तर विज्ञानातलं एक कोडं आहे. १९९० मध्ये अमेरिकेत संशोधकांनी जांभळी पिटुनिया अजून गडद व्हावी म्हणून रंगाचं एक जनुक जास्तीचं घातलं. कित्येक फुलं निघाली पांढरीफटक! जनुकाने जनुकाचंच तोंड बंद केलं होतं. हे कसं होतं याचा उलगडा पुढे दुसऱ्या शास्त्रज्ञांनी कृमींवर केला आणि २००६ चं नोबेल त्यांना मिळालं.

झिनिया? ती अंतराळवीर! जानेवारी २०१६ मध्ये अंतराळ स्थानकात केशरी झिनिया फुलली. पहिलं अंतराळफूल म्हणून तिचा गाजावाजा झाला. खरं तर त्याआधी १९८२ मध्येच सोव्हिएत स्थानकावर अॅराबिडॉप्सिस ही वनस्पती फुलून गेली होती. पण झिनियाची खरी गंमत वेगळीच. रोपांना ओल जास्त झाली, बुरशी चढली. स्थानकातल्या स्कॉट केली या अंतराळवीराने जमिनीवरच्या लोकांना सांगितलं की वेळापत्रक राहू द्या, झाड बघून पाणी मी ठरवतो. आणि फुलं आली. खिडकीतही हेच. बोट पेरभर मातीत घाला. ओलं लागलं तर तांब्या परत ठेवा.

पाण्याचा विषय निघालाय तर बीडकरांना काय सांगायचं! १६व्या शतकात निजामशाहीतल्या सलाबतखानाने शहराबाहेर बांधलेली खजाना बावडी आजही बघण्यासारखी आहे. जमिनीखालच्या बोगद्यांतून पाणी येतं आणि तसंच पुढे शेतांकडे जातं. पंप नाही, वीज नाही.

पेटीतही असंच भूमिगत पाणी खेळवता येतं. संक्रांतीची सुगडं माळ्यावर पडलीयेत ना? बिनरंगाचं एक सुगड गळ्यापर्यंत मातीत पुरा, पाण्याने भरा, वर दिवाळीची पणती झाकण म्हणून. भाजक्या मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरतं, मुळं तिथे जाऊन बिलगतात आणि वरची माती कोरडी राहिल्याने वाफेवर फार जात नाही. रंगवलेलं सुगड चालत नाही, छिद्रं बुजतात. ही युक्ती इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातल्या एका चिनी शेतीग्रंथातही आहे! गावाला निघालात? बादलीत कापसाच्या जाड वातीचं एक टोक, दुसरं पेटीच्या मातीत. कापूस तर आपलाच.

कोणतं पाणी घालू नये? आरओचं वाया जाणारं आणि कूलरच्या तळाचं. दोन्हींत क्षार ठासून भरलेले. कुंडीवर पांढरी पुटं दिसली तर समजा, बोअरचं पाणी बोलतंय. तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी बिनधास्त घाला.

बोगनवेलीचा पाण्याचा हिशोब तर भारीच. पाणी थोडं तोडलं की जास्त फुलते! रंगीत दिसतात ती पानं, खरं फूल मधलं इवलंसं पांढरं. ती युरोपच्या नजरेस आणली कमर्सन या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने. त्याची मदतनीस झान बारे पुरुषवेषात जहाजावर चढली आणि पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली स्त्री ठरली!

ग्रिलवर वेल हवी? गोकर्ण. डाळींच्या कुळातली, स्वतःचं नत्र स्वतःच मिळवणारी. निळ्या फुलांवर गरम पाणी ओता, निळाशार चहा. लिंबू पिळा, जांभळा! पोरं टाळ्या वाजवतात.

आणि कोपऱ्यात एक कढीपत्ता ठेवाच. पानावर पाखराची शिट पडल्यासारखं काही दिसलं तर झटकू नका. ती ‘कॉमन मॉरमॉन’ फुलपाखराची अळी आहे, पक्ष्यांना फसवायला असा वेष घेतलेली. पुढे ती हिरवीगार होते, मग कोष, मग काळं फुलपाखरू थेट तुमच्या झेंडूवर. चार पानं खाऊ द्या तिला. फोडणीला उरतील!