फडताळातला डबा

घरात मोठे दुखणे शिरले की पाठोपाठ उपाय सांगणाऱ्यांची रीघ लागते, हा अनुभव कोणत्या घराला नाही? २०२१ साली आमच्या दादाला फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचे कळले. आठ दिवसांत शेजारच्या काकूंनी गव्हांकुराचा रस सुचवला, कचेरीतल्या मित्राने गुळवेल धाडली, कोणी सदाफुलीची पाने चावायला सांगितली. मी तरी मागे कसा राहीन? रात्रीच्या एसटीने जाऊन एका वैदूकडून चूर्णाच्या साठ पुड्या आणल्या. वहिनींनी त्या फडताळातल्या पितळी डब्यात ठेवल्या.

"भाऊजी, डॉक्टरांना सांगायचं का?" त्यांनी विचारले.

"कशाला? उगाच रागावतील," मी म्हणालो.

केमोथेरपीच्या दोन खेपा बऱ्या गेल्या. तिसऱ्या खेपेला रक्ताच्या तपासणीत यकृत बिघडलेले दिसले. औषध पुढे ढकलले; पंधरा दिवसांनी पुन्हा ढकलले. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "घरी आणखी काही घेता का?" दादाने माझ्याकडे पाहिले. वहिनी खाली मान घालून बसल्या. मला घाम फुटला. अखेर सारे सांगून टाकले.

वाटले, आता खरडपट्टी निघणार! पण बाई शांतपणे म्हणाल्या, "उद्या तो डबा घेऊन या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी एकेक वस्तू टेबलावर मांडून माझी शिकवणीच घेतली. गुळवेल घेतलेल्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याचे २०२० साली मुंबईतच डॉक्टरांना आढळले होते. माझ्या पुड्यांत काय आहे, हे तर कोणालाच ठाऊक नव्हते. आणि सदाफुली? तिच्यातील द्रव्यांपासूनच व्हिनोरेलबिन हे या रोगावरचे एक औषध बनते. पण ते तोलूनमापून, रक्त तपासून द्यावयाचे जहाल औषध. पाने चावून पोटात किती गेले, ते कोण मोजणार? अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांचा २०१८ सालचा अभ्यासही त्यांनी सांगितला. रोग दूरवर पसरलेला नसताना रूढ उपचार टाळून केवळ पर्यायी उपचारांवर राहिलेल्या फुप्फुसाच्या रोग्यांत मृत्यूचा धोका दुपटीहून अधिक आढळला होता.

"मग आम्ही काहीच करायचं नाही का हो?" वहिनींनी कळवळून विचारले.

"करा ना! झेपेल तेवढा प्राणायाम करू द्या, पायांना हलक्या हाताने तेल चोळा, भजनं ऐकवा. धाप, वेदना, झोप यांसाठी माझ्याकडे औषधं आहेत. फक्त पोटात जाणारं काहीही मला विचारल्याशिवाय नको."

डबा रिकामा झाला. महिन्याभरात यकृत सावरले, उपचार पुन्हा सुरू झाले. नक्की कशाने घात केला, ते शेवटपर्यंत कळले नाही. दादाने त्यानंतर दोन दिवाळ्या पाहिल्या. दुसऱ्या दिवाळीत त्याने आकाशकंदील स्वतः चिकटवला. पण माझ्या गप्प बसण्याने वाया गेलेल्या त्या आठवड्यांचा सल अजून जात नाही.

आता कोणा आजाऱ्याच्या समाचाराला गेलो आणि एखाद्याने खिशातून हळूच पुडी काढली, तर मी वाद घालीत नाही. मायेपोटीच आणलेली असते ती; माझीही होती. एवढेच विचारतो, "डॉक्टरांना दाखवली का?"