जिद्द म्हणजे नेमकं काय?

सेकंड इयरला माझा एम-थ्री राहिला तेव्हा मी रूमच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘आता सोडवणारच!’ पुढच्या परीक्षेत विषय पुन्हा राहिला. जिद्द कमी पडली का? नाही, मी जिद्दीचा अर्थच चुकीचा घेतला होता.

तो अर्थ कळला खाशाबा जाधवांमुळे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला. सराव सगळा मातीतला, मॅटची सवय नाही, आंतरराष्ट्रीय नियम नवे. दुसरा कुणी नशिबाला दोष देऊन गप्प बसला असता. खाशाबांनी कुठे कमी पडलो ते पाहिलं आणि चार वर्षं मेहनत केली. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. लोकांकडून वर्गणी जमवली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. खाशाबांनी ब्राँझ पदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक!

म्हणजे नुसतं ‘करणारच’ म्हणून भागत नाही, आपण कुठे हरलो ते शोधावं लागतं. आणि मदत मागण्यात कमीपणा नसतो. मी जुने पेपर काढून बसलो. लाप्लास येत होतं, व्हेक्टर अजिबात नाही. मग महिनाभर रोज रात्री मेसनंतर शेजारच्या रूममधल्या मित्राकडे तासभर शिकलो. तिसऱ्या वेळी ४४ मार्क पडले. पदक नाही, पण विषय सुटला!

भिंतीवरचं ते वाक्य मात्र मी पुसून टाकलंय.