वतन आणि मक्ता : कबड्डीच्या संघांविषयी काही गैरसमज

नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, विष्णुपुरीच्या माळावर, विद्यापीठाच्या फाटकाजवळील चहाच्या टपरीपाशी, दिवाळी सरून थंडी पडू लागली आणि महाविद्यालयीन सामन्यांचे दिवस जवळ आले की एक वाद हटकून निघतो : नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांनी आपापली मंडळे एकत्र करून, चार धनिकांकडून भांडवल उभारून, प्रो कबड्डी लीगमध्ये मराठवाड्याचा एक संघ का उतरवू नये? विचारणारी मुले पहाटे मातीत अंग मळवून आलेली असतात, कोपरावरचे खरचटलेले अजून सुकलेले नसते, आणि त्यांच्या प्रश्नातली आच खरी असते. त्या प्रश्नाच्या पोटात जे गैरसमज दडलेले आहेत, ते एकेक करून उजेडात आणणे म्हणूनच मला अगत्याचे वाटते.

मुळातला गैरसमज असा की, लीगमधील संघ म्हणजे गावच्या मंडळाचीच सर्वांत वरची पायरी होय. वस्तुतः या दोन निरनिराळ्या शिड्या आहेत. मंडळातून जिल्ह्याच्या निवड चाचणीत, तेथून राज्य अजिंक्यपद स्पर्धेत, आणि नशीब व कष्ट दोन्ही साथीला असतील तर महाराष्ट्राच्या संघात जाणारी जी शिडी आहे, ती जिल्हा संघटना, राज्य कबड्डी असोसिएशन आणि अखिल भारतीय महासंघ यांच्या दप्तरांतून वर चढते. लीगची गोष्ट वेगळी आहे. ती 2014 साली मशाल स्पोर्ट्स या कंपनीने सुरू केली, पुढच्याच वर्षी त्या कंपनीचा 74 टक्के हिस्सा स्टार इंडियाने घेतला, आणि अमुक शहराच्या नावाने संघ चालविण्याचा हक्क निरनिराळ्या मालकांना करारनाम्याने देण्यात आला. निजामाच्या अमलात वाढलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांना वतन आणि मक्ता यांतील भेद समजावून सांगावा लागत नसे : वतन गावाच्या मातीला चिकटलेले असते, ते पिढ्यान्‌पिढ्या चालते आणि सहजी हलत नाही, मक्ता ठराविक मुदतीचा, ठराविक रकमेचा, आणि मुदत संपली वा रक्कम थकली की दुसऱ्याच्या हाती जाणारा. मंडळ हे वतन आहे, लीगमधील संघ हा मक्ता आहे. 2015 साली यू मुम्बाने विजेतेपद मिळविले तेव्हा त्या संघाचा कर्णधार अनुप कुमार हा हरियाणाचा होता, आणि यात वावगे काहीच नाही, कारण खेळाडू तेथे लिलावातून येतात; परंतु जानेवारी 2018 मध्ये हैदराबादेत सेनादलाला नमवून, अकरा वर्षांच्या खंडानंतर, रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने जे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले, ते दुसऱ्या शिडीवरचे यश होते, आणि त्याच्या मुळाशी गावोगावची मंडळे होती.

दुसरी समजूत पैशाची आहे. सभागृह भरले, तिकिटे खपली, की संघाचा खर्चवेच भागतो, असे पुष्कळांना वाटते. एका क्रीडागृहात मावतील त्या काही हजार प्रेक्षकांच्या तिकिटांवर बारा संघांचा संसार चालणे शक्य नाही. मोठी रक्कम येते ती प्रक्षेपणाच्या हक्कांतून आणि जाहिरातदारांकडून : 2021 पासूनच्या पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क सुमारे 908 कोटी रुपयांना गेले, म्हणजे हंगामामागे 180 कोटींच्या वर. याचा परिणाम जो होतो तो जिव्हारी लागणारा आहे. ज्याचे उत्पन्न दूरच्या पडद्यावरून येते त्याला स्वतःच्या गावात खेळण्याची निकड उरत नाही. 2025 चा हंगाम विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली या चारच शहरांत झाला. पुणेरी पलटण त्या वर्षी अंतिम फेरीपर्यंत पोहोचली आणि दिल्लीकडून 31 विरुद्ध 28 अशी अवघ्या तीन गुणांनी हरली, परंतु पुण्याच्या किंवा मुंबईच्या प्रेक्षकाला आपल्या शहराच्या नावाचा संघ आपल्या शहरात एकदाही पाहावयास मिळाला नाही. उद्या मराठवाड्याच्या नावाचा संघ निघालाच, तर तो नांदेडात खेळेल याची हमी करारनाम्याच्या कोणत्या कलमात असेल, हे टपरीवरच्या मुलांनी आधी विचारावे.

आता विलीनीकरणाकडे येऊ. दोन अशक्त संघ एकत्र केले की एक सशक्त संघ होतो, हा गैरसमज इतका सुबोध आणि इतका गणिती दिसतो की तो खोडून काढावयास अनुभवच हवा. आणि तो अनुभव ज्या खेळाने भरपूर घेतला आहे, तो म्हणजे तेरा जणांचे रग्बी. हा खेळ आपल्याकडे फारसा कोणी पाहत नाही, तरी कबड्डीपटूला तो परका वाटणार नाही, कारण त्याचा प्राण पकडीतच आहे : चेंडू घेऊन धावणाऱ्याला अंगावर घेऊन पाडावयाचे, आणि सहा वेळा पाडला की चेंडू प्रतिपक्षाला द्यावयाचा. त्याचा जन्मही मजुरीच्या प्रश्नातून झाला. शनिवारी सामन्याला गेल्यामुळे गिरणीतली वा खाणीतली जी रोजंदारी बुडत असे तिची भरपाई खेळाडूला मिळावी, एवढ्या मागणीवरून उत्तर इंग्लंडमधील विसाहून अधिक क्लब 1895 च्या ऑगस्टात हडर्सफील्ड येथे एकत्र आले आणि जुन्या संस्थेपासून विभक्त झाले.

त्या घटनेला शंभर वर्षे होत असताना, 1995 च्या एप्रिलमध्ये, एका माध्यमसमूहाने या खेळासमोर 7 कोटी 70 लाख पौंडांचा प्रस्ताव ठेवला, आणि त्यासोबत जो मसुदा निघाला त्यात जुन्या क्लबांची सरळ खातेफोड उलट्या दिशेने केलेली होती : कॅसलफर्ड, वेकफील्ड आणि फेदरस्टोन मिळून एक, हल शहरातील दोन मिळून एक, वॉरिंग्टन आणि विडनेस मिळून एक. कागदावर हे अगदी नीटस दिसत होते. परंतु फेदरस्टोन हे खाणकामगारांचे लहानसे गाव. तेथे त्या क्लबाखेरीज गावाला स्वतःचे म्हणावे असे फार थोडे होते, आणि शेजारच्या कॅसलफर्डशी असलेली चुरस हाच तर तेथील खेळाचा श्वास. लोकांनी एवढा गहजब केला की थोड्याच दिवसांत विलीनीकरणे मागे घ्यावी लागली आणि रक्कम उलट 8 कोटी 70 लाखांवर गेली.

ऑस्ट्रेलियात मात्र ते घडले. संघांची संख्या 14 वर आणावयाची असे ठरल्यावर 1998 आणि 1999 या दोन वर्षांत तीन विवाह लागले. सेंट जॉर्ज आणि इलावारा एकत्र आले, त्यांना विजेतेपद मिळावयास 2010 साल उजाडले. बाल्मेन आणि वेस्टर्न सबर्ब्ज एकत्र आले, त्यांनी ते 2005 साली मिळविले. आणि मॅनली व नॉर्थ सिडनी या हाडवैऱ्यांचा जो संसार मांडून दिला, तो 2002 संपता संपता मोडला, मॅनली आपल्या नावाने परत आला आणि 1908 पासूनचा नॉर्थ सिडनी सर्वोच्च श्रेणीतून नाहीसा झाला. साउथ सिडनीने विलीन होण्यास नकार दिला म्हणून त्याला 1999 अखेर वगळण्यात आले. हजारो माणसे रस्त्यावर उतरली, क्लब न्यायालयात गेला, 2002 मध्ये परतला आणि 2014 मध्ये अजिंक्य ठरला. म्हणजे विलीनीकरण नेहमीच फसते असे नाही. माझ्या मते ते तेथेच टिकते जेथे दोन्ही बाजूंची मैदाने आणि दोन्ही बाजूंचे कुमार गट पूर्ववत चालू राहतात.

आपल्या जवळचे उदाहरण हवे असेल तर फुटबॉलकडे पाहावे. पुण्यात पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स आणि एफसी पुणे सिटी असे चार क्लब उभे राहिले आणि चारही मावळले. त्यांतला शेवटचा 2019 साली बंद पडला तेव्हा लीगमधील त्याच्या जागेवर हैदराबाद आले. हैदराबादने 2022 मध्ये चषकही जिंकला, आणि पुढे आर्थिक ओढाताणीत सापडून 2025 मध्ये तो संघ दिल्लीला हलविण्यात आला. पुण्याहून हैदराबाद, हैदराबादहून दिल्ली : मक्ता असाच फिरतो. उलट 1889 साली स्थापन झालेल्या मोहन बागानचे 80 टक्के भागभांडवल 2020 मध्ये एका उद्योगसमूहाकडे गेले आणि त्याच्या नावाआधी दुसऱ्या संघाचे नाव लागले, तेव्हा त्याच्या वतनदार समर्थकांनी इतका सातत्याने विरोध केला की 2023 मध्ये ते आधी लावलेले नाव काढावे लागले.

विस्तारासंबंधीची समजूतही अशीच तपासून घेतली पाहिजे. संघ वाढले म्हणजे खेळ पसरला, हे खरे नव्हे. 2017 मध्ये कबड्डी लीग 8 संघांवरून एका झटक्यात 12 संघांवर गेली आणि त्या हंगामात 138 सामने झाले. नवे संघ आले ते हरियाणा, उत्तर प्रदेश, तमिळनाडू आणि गुजरात येथील. त्यांपैकी हरियाणाने 2024 मध्ये विजेतेपद मिळविले, परंतु लीग तेथे गेली म्हणून हरियाणात कबड्डी आली असे कोणी म्हणणार नाही. तेथील खेळाडू त्याआधीच निम्म्या देशाच्या संघांतून खेळत होते. याच्या उलट टोरांटोचा रग्बी संघ : 2017 साली तिसऱ्या श्रेणीत उतरला, 2020 मध्ये सर्वोच्च श्रेणीत पोहोचला, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये, साथीच्या काळात एका धनिकाचा हात आखडताच, हंगाम अर्धा टाकून बाहेर पडला. खाली मुळे नव्हती. ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या रग्बी संघाला मात्र चिवट भांडवलावर मुळे धरविता आली, तरी तेथेही वेतनमर्यादा ओलांडण्यासाठी दुहेरी हिशेब ठेवल्याचे 2010 मध्ये उघडकीस आले आणि 2007 व 2009 ही दोन विजेतेपदे काढून घेण्यात आली. आपल्या लीगमध्येही 2023 च्या लिलावात प्रत्येक संघाला 5 कोटींची मर्यादा होती. ही मर्यादा लहान संघाचे कुंपण आहे, आणि ती पाळली जाते की नाही हे जमाखर्चाच्या वहीतच कळते.

मग नांदेड आणि लातूर यांनी एकत्र येऊच नये काय? ते एकत्र आलेलेच आहेत, फक्त त्या गोष्टीकडे कोणाचे लक्ष नाही. 1994 साली स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे येतात. अहमदपूरचा चढाईपटू आणि किनवटचा कोपरारक्षक, जे महाविद्यालयीन सामन्यांत एकमेकांच्या घोट्याला हात घालतात, ते निवड झाली की एकाच पोषाखात आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातात, आणि परतल्यावर पुन्हा आपापल्या महाविद्यालयाचे होतात. कोणाचे मंडळ मोडत नाही, कोणाचे नाव पुसले जात नाही. विलीनीकरणाचा याहून शहाणा प्रकार मला ठाऊक नाही.

उणीव आहे ती खाली. राष्ट्रीय सामने मॅटवर होतात आणि मॅटवर बूट लागतात. मातीवर अनवाणी वाढलेला मुलगा निवड चाचणीच्या दिवशी पहिल्यांदाच मॅटवर उभा राहतो, तेव्हा चढाईत वळताना त्याचा पाय धरला जातो, घसरण्याच्या सवयीने टाकलेले पाऊल जागीच अडते, आणि बोनस रेषेपाशी तो क्षणभर थांबतो. त्या एका क्षणात पकड होते. शिवाय सोयाबीनच्या काढणीत चाचणी आली तर त्याची रोजंदारी बुडते, आणि तिची भरपाई कोणी देत नाही. हडर्सफील्ड येथे जमलेल्या क्लबांनी जी मागणी केली होती तीच ही मागणी आहे.

पुरुषांच्या कबड्डीचे मैदान 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद असते. नांदेड जिल्ह्याचे तालुके 16, लातूरचे 10. लीगच्या मक्त्यासाठी पैसा घालण्यास जे तयार आहेत, त्यांना माझी विनंती एवढीच आहे की त्यांनी आधी या 26 तालुक्यांच्या ठिकाणी, पत्र्याच्या का होईना, छपराखाली एकेक मॅट अंथरावी, आणि जिल्हा चाचणीला येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातावर जाण्यायेण्याचे भाडे आणि त्या दिवसाची मजुरी ठेवावी.