उफराटे रामराज्य आणि आपली मुले



बकासुराची गोष्ट आपल्याकडे पोराठोरांना ठाऊक असते. एकचक्रा नगरी, रोज गाडाभर अन्न, गाडीचे रेडे आणि ती गाडी हाकणारा एक माणूस, असा त्या राक्षसाचा रतीब. घराघराची पाळी ठरलेली. ज्या ब्राह्मणाच्या घरी पाळी येते तिथे रडारड चालते. बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी, मुलगी म्हणते मी. पुढे कुंती भीमाला धाडते आणि भीम राक्षसाचा निकाल लावतो, हे आपण रंगवून सांगतो. पण मूळ महाभारतात मध्येच एक बारीकशी गोष्ट आहे, ती सांगणारे बहुधा गाळतात. त्या घरात एक बोबडे बोलणारे मूल आहे. मोठी माणसे रडताहेत असे पाहून ते गवताची एक काडी उचलते आणि म्हणते, हिने मी त्या राक्षसाला मारतो. त्या दुःखातही घरच्यांना हसू येते.

आज ज्या पुस्तकांविषयी बोलायचे आहे, ती या काडीवाल्या मुलाची पुस्तके आहेत.

इंग्रजीत यांना डिस्टोपियन कादंबऱ्या म्हणतात. शब्द जड आहे, पण अर्थ सोपा. टॉमस मूर नावाच्या इंग्रज विद्वानाने १५१६ साली एका आदर्श बेटाचे वर्णन लिहिले आणि त्याला नाव दिले युटोपिया, म्हणजे कोठेही नसलेले स्थळ. आपण रामराज्य म्हणतो, तसेच काहीसे. डिस्टोपिया म्हणजे हेच रामराज्य उफराटे झालेले. तिथे राजा मिशा पिळून 'मी दुष्ट आहे' असे सांगत नाही बरे का! तो म्हणतो, सारे तुमच्याच भल्यासाठी आहे. रस्ते स्वच्छ असतात, शिस्त असते, कधी कधी पोटही भरलेले असते. फक्त माणसाने स्वतःचे असे काही म्हणायचे नसते.

मोठ्यांसाठी अशा कादंबऱ्या शंभर वर्षांपासून आहेत. रशियन लेखक झाम्यातिनने १९२०-२१च्या सुमारास एक लिहिली; ती त्याच्या स्वतःच्या देशात छापली जायला १९८८ साल उजाडले. हक्सलेची १९३२ची, ऑर्वेलची १९४९ची. हा ऑर्वेल जन्माने बिहारमधल्या मोतिहारीचा. त्याचे वडील तिथे सरकारच्या अफूच्या खात्यात नोकरीला होते. ऑर्वेलच्या '१९८४'मध्ये शेवटी नायकाला असा मोडतात, की तो आपल्याच छळकर्त्यावर प्रेम करू लागतो. पुस्तक मिटल्यावर वाचकाला बाहेर पडायला वाट राहत नाही. मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत मात्र दार थोडे किलकिले ठेवलेले असते. त्या फटीतून येणाऱ्या उजेडासाठीच मुले ही पुस्तके वाचतात, असे माझे मत आहे.

उदाहरण घेऊ. लोइस लॉरी या अमेरिकन लेखिकेचे 'द गिव्हर' हे पुस्तक १९९३ साली निघाले. त्यातल्या वसाहतीत भांडण नाही, भूक नाही, थंडीवारा नाही. रंगसुद्धा दिसत नाहीत. नवराबायकोची जोडी समिती जुळवते. प्रत्येक घराला एक मुलगा, एक मुलगी. मूल बारा वर्षांचे झाले की त्याने जन्मभर कोणते काम करायचे, तेही समितीच ठरवते. योनास या मुलाच्या वाट्याला वेगळेच काम येते. साऱ्या वसाहतीने टाकून दिलेल्या जुन्या आठवणी एका म्हाताऱ्याजवळ सांभाळलेल्या असतात, त्या योनासने घ्यायच्या. त्यातून त्याला लाल रंग कळतो, बर्फ कळते, युद्धही कळते. आणि मग कळते, की वसाहतीत ज्याला 'सोडून देणे' म्हणतात ते ठार मारणे आहे, आणि ते काम त्याचे प्रेमळ वडील हसतमुखाने करतात. जुळ्यांपैकी वजनाला कमी भरलेले तान्हे बाळ ते सुई टोचून मारतात. लॉरीबाईंना हे पुस्तक सुचले ते म्हातारपणी वडिलांची आठवण जाऊ लागली तेव्हा. वारलेल्या मुलीचा फोटो पाहून ते विचारीत, हिचे काय झाले? दुःख आठवले नाही तर माणूस सुखी होतो का, हा प्रश्न तिथून निघाला.

आता सांगा, हे आपल्या दहावीच्या पोराला परके वाटेल काय? मार्कांचा आकडा येतो, घरची मोठी माणसे बसतात, आणि तू सायन्सला जा, असे ठरते. पोराच्या भल्यासाठीच ठरते, हे खरे. योनासच्या वसाहतीतही भल्यासाठीच ठरत होते!

दुसरे पुस्तक याहून गाजलेले. सुझान कॉलिन्स यांचे 'द हंगर गेम्स', २००८ सालचे. पॅनेम नावाचा देश. रोमन लोकांत म्हण होती, की प्रजेला भाकरी आणि खेळतमाशे दिले की ती गप्प बसते. त्यातल्या भाकरीचा शब्द म्हणजे पॅनेम. राजधानी चैनीत, आणि भोवतीचे बारा जिल्हे तिच्यासाठी राबणारे. कधीकाळी बंड केले म्हणून दरवर्षी प्रत्येक जिल्ह्याने एक मुलगा आणि एक मुलगी द्यायची. चोवीस मुलांनी एकमेकांना मारायचे, एक उरेल तो जिंकला. साऱ्या देशाने ते पडद्यावर पाहायचे, पाहणे सक्तीचे. ही कल्पना कॉलिन्सबाईंना ग्रीक पुराणातून मिळाली. क्रीटच्या राजाला अथेन्सने सात मुलगे आणि सात मुली द्यायच्या, आणि त्या बैलतोंड्या राक्षसाने खायच्या. म्हणजे आपला बकासुरच! त्यात भर पडली ती एका रात्री टेलिव्हिजनची कळ फिरवताना. एका ठिकाणी तरुणांच्या स्पर्धेचा कार्यक्रम आणि दुसरीकडे इराकच्या युद्धाची दृश्ये, आणि दोन्ही एकमेकांत मिसळू लागली.

मारामारी सोडून द्या. मला या पुस्तकातले चिठ्ठ्यांचे गणित फार महत्त्वाचे वाटते. बाराव्या वर्षी मुलाच्या नावाची एक चिठ्ठी, तेराव्या वर्षी दोन, असे अठरापर्यंत वाढत जाते. पण घरात खायला नसेल तर मूल आपल्या नावाची जादा चिठ्ठी टाकू शकते, आणि बदल्यात एका माणसाला वर्षभर जेमतेम पुरेल असे धान्य आणि तेल मिळते. सोळा वर्षांच्या कॅटनिसच्या अशा वीस चिठ्ठ्या झाल्या आहेत, तिच्या मित्राच्या बेचाळीस. कागदावर कायदा सर्वांना सारखा, आणि मरतो तो गरीब. अर्थशास्त्राच्या तासाला जे समजावताना आमची दमछाक होते, ते पोरांना इथे एका पानात समजते. आणखी एक जिल्हा आहे, शेतीचा. तिथली मुले देशाचे अन्न पिकवतात, पण शेतातले तोंडात टाकले तर फटके बसतात. हे ऐकून खेड्यातल्या श्रोत्यांना निराळे काही सांगायला नको.

चिठ्ठी निघते ती कॅटनिसच्या बारा वर्षांच्या बहिणीची. एकुलती एक चिठ्ठी! आणि कॅटनिस पुढे होऊन म्हणते, मी जाते. इथे कोणी भीम येत नाही. काडी ज्याच्या हातात आहे त्यालाच जायचे आहे.

बारा ते अठरा या वयात मुलाला एक शोध लागतो: मोठ्यांचे जग ते सांगतात तसे चालत नाही. शाळेच्या भिंतीवर सुविचार असतो आणि कचेरीत बापाला चार खेपा घालाव्या लागतात. हा शोध मनात एकट्याने बाळगणे जड जाते. पुस्तकात तोच शोध लागलेला कोणी भेटला की बरे वाटते. भीतीही असतेच, पण पान मिटता येणारी भीती.

सगळीच पुस्तके गुणाची आहेत असे मी म्हणणार नाही. 'हंगर गेम्स' खपल्यावर तशाच मालाचा पूर आला. एक जुलमी शहर, एक धाडसी मुलगी, तिच्यावर जीव टाकणारे दोन तरुण. बाकी सारे पाणी. त्यांत राज्ये दोनशे पानांत कोसळतात. असली पुस्तके वाचून पोरांना वाटते, की अन्याय म्हणजे कोणी एक दुष्ट माणूस, तो गेला की झाले. कॉलिन्सबाई तशा फसव्या नाहीत. त्यांच्या तिसऱ्या भागात बंडखोरांची पुढारीणही राजासारखीच वागू लागते.

अमेरिकेतही पालक घाबरले. 'हंगर गेम्स' ग्रंथालयांतून काढा, अशा मागण्या झाल्या आणि २०१० व २०११ साली तिथल्या ग्रंथालय संघटनेच्या सर्वाधिक हरकतींच्या यादीत ते पुस्तक आले. 'द गिव्हर'चेही तेच. आणि दुसरीकडे पाहा. या कथेत लोक प्रिय माणसाला निरोप देताना तीन बोटे ओठांना लावून उंचावतात. २०१४ साली थायलंडात लष्कराने सत्ता घेतली तेव्हा तिथल्या तरुणांनी हीच खूण उचलली. त्यासाठी विद्यार्थी पकडलेही गेले. २०२१ साली म्यानमारच्या रस्त्यांवर पुन्हा तीच तीन बोटे दिसली. गोष्टीतली खूण सरकारला खुपावी, हे काय थोडे झाले?

शिक्षक बंधुभगिनींनी इंग्रजी पुस्तक हाताशी नाही म्हणून अडून राहू नये. सत्यजित राय यांचा १९८०चा 'हीरक राजार देशे' हा बंगाली चित्रपट मुलांना दाखवावा. त्यात राजा पाठशाळा बंद करतो, पोथ्या जाळतो, आणि विरोध करणाऱ्याच्या डोक्यात यंत्राने स्तुतिपाठ भरतो. पळून डोंगरात लपलेला पंतोजी आणि त्याची पोरे शेवटी दोराने राजाचा पुतळा ओढतात. आणि त्याच यंत्रातून निघालेला राजाही दोराला हात लावतो. मुले पोट धरून हसतात, आणि मग एखादे विचारते, राजाला शाळेची एवढी भीती का?

'द गिव्हर'च्या शेवटी योनास एका तान्ह्या मुलाला घेऊन बर्फातून घसरगाडीवर दिव्यांकडे निघतो. पोचतो की मरतो, हे लेखिका सांगत नाही. मुलांनी तिला पत्रांवर पत्रे लिहून विचारले. २००४ सालच्या पुढच्या एका पुस्तकात तो मोठा झालेला भेटतो. पण ते मी वर्गात आधी सांगत नाही. कथा मराठीत सांगतो आणि शेवट मुलांना लिहायला लावतो. गेल्या खेपेला दोघांनी त्याला बर्फात गारठवून मारले, बहुतेकांनी दिव्यांच्या घरात नेऊन ऊन जेवण वाढले. मागच्या बाकावरच्या एका मुलीने त्याला परत त्याच वसाहतीत नेले होते, रात्रीचा, खिडक्यांवर टकटक करून एकेकाला लाल रंग दाखवायला.