सचित्र चरित्रें आणि आठवणी

दुसऱ्यानें लिहिलेलें तें चरित्र. स्वतः सांगितलेल्या त्या आठवणी. चरित्रांत थोरवी दिसते, आठवणींत ती मिळविण्याचे श्रमही दिसतात. शब्दांनीं न उमगणारा जुना पेहराव, वाडा वा दरबार चित्र मुलांस क्षणांत दाखवितें.

प्रसिद्ध चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर १८६७ सालीं आमच्या कोल्हापुरांतच जन्मले. १८९० सालीं ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत विद्यार्थी म्हणून गेले. पुढें तेथेंच शिक्षक झाले. १९३१ पर्यंतची ही हकीकत त्यांनीं ‘कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षें’ या ग्रंथांत सांगितली आहे.

वहीच्या कडेला चित्रें काढणाऱ्या मुलावर रागावण्यापूर्वीं पालकांनीं हा ग्रंथ वाचावा; मुलांनींही त्यांतील एकेचाळीस वर्षांचे श्रम विसरूं नयेत, एवढीच आमची विनंती आहे.