कारागीर अज्ञात कसा?

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात स्टेट कॉलेज नावाचे एक शहर आहे. पेन स्टेट विद्यापीठामुळे ते नावारूपाला आले. तेथील पामर कलासंग्रहालय १९७२ साली सुरू झाले आणि जून २०२४ मध्ये नव्या इमारतीत गेले. याच संग्रहालयाने २०२० साली आफ्रिकी कलेचे एक प्रदर्शन भरविले होते. ॲलन डेव्हिस या राजनैतिक अधिकाऱ्याने साठ वर्षे जमविलेल्या वस्तू त्यात मांडल्या होत्या.

आफ्रिकी कला म्हटली की मुखवटे आलेच. त्यांतले ल्वाल्वा लोकांचे मुखवटे पाहताक्षणी ओळखू येतात. हा छोटा समाज काँगो देशाच्या कसाई भागात, अंगोलाच्या सीमेजवळ राहतो. त्यांच्या मुखवट्याचे नाक पाहावे! ‘न्काकी’ या प्रकारात ते लांब, सरळ आणि पार कपाळावर चढलेले असते. डोळे म्हणजे अरुंद चौकोनी फटी, तर ओठ पुढे आलेले. ‘मुशिका’ हा मुखवटा स्त्रीचा, पण तो घालून नाचतात पुरुषच. मुलांच्या दीक्षाविधीत हे मुखवटे निघत. शिकार मिळेनाशी झाली तर पूर्वजांची नाराजी दूर करण्यासाठीही मुखवटे घालून नाचत.

हे वाचून आपल्याला कोकण आठवावे. दशावतारात सोंडेचा लाकडी मुखवटा घालून गणपती रंगमंचावर येतो आणि मग खेळ पुढे सरकतो. पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा असतो. तेथे ढोल-संबळाच्या तालावर देवादिकांची सोंगे रात्रभर नाचतात. मुखवटा चढविला की तो गावचा अमका-तमका राहत नाही. लोक त्याला हात जोडतात.

आता खरा मुद्दा. जगभरच्या संग्रहालयांत अशा मुखवट्याखाली बहुधा लिहिलेले असते, ‘कलाकार अज्ञात’. अज्ञात कोणाला? ल्वाल्वा गावात मुखवटे कोरणाऱ्याला मोठा मान होता. त्याला कामाचा मोबदला मिळे. हात चांगला असेल तर नाचाचे पुढारपणही मिळे. ही विद्या बहुधा बाप मुलाला देई. म्हणजे त्याचे नाव सारे गाव जाणत होते. वस्तू नेणाऱ्याने ते विचारले नाही, इतकेच.

आपल्या आज्या-पणज्यांचे तरी काय झाले? १८३४ नंतर गिरमिटिया म्हणून मॉरिशसच्या किनाऱ्यावर उतरलेल्या प्रत्येकाला एक नंबर मिळाला. कारकुनाला ऐकू आले तसे नाव वहीत चढले. त्या वह्या आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. पण घरात कोणती हाक मारीत, ढोलकी कोण मढवीत असे, झाकरीत पुढे कोण गात असे, हे त्या वहीत कसे सापडेल?

ते अजून घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी आहे. माझी मुलांना आणि पालकांना एक विनंती आहे. येत्या गणेश चतुर्थीला सारे जमाल, तेव्हा आजीजवळ बसा, विचारा आणि नावे लिहून ठेवा. उद्या आपली एखादी ढोलकी काचेच्या कपाटात गेलीच, तर तिच्याखाली ‘अज्ञात’ असे लिहायची पाळी येऊ नये.